बापाच्या नावाची भीती

चरकसंहितेच्या शारीरस्थानात, आठव्या अध्यायात, लहान मुलाच्या संगोपनाच्या बारीक सूचना आहेत. मुलाची खोली कशी असावी, अंथरूण-पांघरूण कसं स्वच्छ ठेवावं, खेळणी कशी असावीत, सगळं तिथे येतं. खेळणी रंगीत असावीत, वाजणारी असावीत, जड नसावीत, त्यांना टोक नसावं, ती तोंडात जाऊ नयेत. याच ओघात ग्रंथकार म्हणतो की मुलाला घाबरवणं चांगलं नाही. मूल रडत असेल, जेवत नसेल, सांगितलेलं ऐकत नसेल, तरी राक्षस, पिशाच्च, पूतना यांची नावं घेऊन त्याला भिववू नये. सुश्रुतानेही बजावलं आहे की मुलाला त्याच्या अंगाला सुख वाटेल असं धरावं, त्याच्यावर खेकसू नये, त्याला झोपेतून एकदम उठवू नये. काश्यपसंहितेत तर ‘वेदनाध्याय’ नावाचा एक स्वतंत्र अध्याय आहे. बोलता न येणाऱ्या बाळाच्या रडण्यावरून, हालचालींवरून, चेहऱ्यावरून त्याला कुठे काय दुखतंय हे वैद्याने कसं ओळखावं, हा त्याचा विषय. हे ग्रंथ घडवणारे, शिकवणारे, शिकणारे वैद्य पुरुष होते. मुलाच्या आकांतामागे काही कारण असतं आणि मोठ्या माणसाचं काम ते कारण शोधण्याचं आहे, एवढं ज्ञान या देशातल्या पुरुषांपाशी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी होतं. मग अगदी परवापरवापर्यंत मराठी घरात मूल हातपाय आपटून रडू लागलं की आधी बागुलबुवाचं नाव निघायचं आणि बागुलबुवा जुना झाला की ‘येऊ देत त्यांना संध्याकाळी’ असं ऐकू यायचं, हे कसं झालं? चरकाने ज्या यादीतली नावं घेऊ नका म्हटलं, त्या यादीत बापाचं नाव आपण घातलं. माझं म्हणणं असं आहे की मराठी बापाच्या काळजात माया कमी होती म्हणून हे झालं नाही. घराच्या रचनेने धाक दाखवण्याचं काम त्याच्याकडे सोपवलं आणि माया दाखवण्याची वाट बंद केली. आजचा बाप गडाबडा लोळणाऱ्या मुलाशेजारी शांतपणे बसतो तेव्हा ही जुनी वाटणी मोडत असतो.

ती वाटणी नेमकी कशी होती ते पाहिल्याशिवाय हा मुद्दा कळणार नाही. एकत्र कुटुंबाच्या घरात बायका-मुलांचं जग माजघरात आणि स्वयंपाकघरात, पुरुषांचं ओसरीवर, सोप्यात किंवा दिवाणखान्यात. वडीलधाऱ्यांसमोर तरुण बापाने स्वतःच्या मुलाला कडेवर घेणं, त्याचे लाड करणं, त्याला समजावत बसणं हे मर्यादा सोडण्यासारखं मानलं जाई. नवराबायकोने चारचौघांत एकमेकांशी बोलू नये, या नियमाचंच हे पुढचं टोक. मूल हा त्या दोघांच्या जवळिकीचा पुरावा, म्हणून त्याच्याशीही उघड जवळीक नको. भावाच्या मुलाला मात्र मांडीवर घ्यायला हरकत नसे. त्यामुळे काका आणि आजोबा लाड करणारे आणि बाप दूरचा, हे चित्र पिढ्यान्‌पिढ्या टिकलं. मनोविश्लेषक सुधीर कक्कर यांनी १९७८ च्या ‘द इनर वर्ल्ड’ या पुस्तकात भारतीय एकत्र कुटुंबातल्या बापाच्या या आवरलेपणाची मीमांसा केली आहे. इतर भावांची मुलं घरात असताना आपल्याच मुलाकडे ओढा दाखवला तर कुटुंबात दुही माजेल, ही भीती त्यामागे होती, असं त्यांनी दाखवलं. मुलगा पाचेक वर्षांचा होईपर्यंत आईच्या जगात आणि मग एकाएकी पुरुषांच्या जगात येतो, या बदलाला तर त्यांनी दुसरा जन्मच म्हटलं. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. दोन-तीन वर्षांच्या मुलाचा थयथयाट घरातला पुरुष त्या काळात फारसा पाहतच नव्हता. त्याच्यासमोर मूल यायचं ते शाळा चुकवल्यावर, मार्क कमी पडल्यावर, कुणाशी भांडून आल्यावर. रडण्याची ओळख होण्याआधी अपराधाची ओळख होत असेल, तर प्रत्येक रडणं अपराधासारखंच दिसू लागतं.

याच्या जोडीला आणखी एक रीत होती. घरात संतापण्याचा हक्क एकाच माणसाला होता. ‘जमदग्नीचा अवतार’ हे शब्द आपण तापट बापाबद्दल वापरतो आणि त्यात निंदेपेक्षा धास्तावलेला आदरच जास्त असतो. कोकणाची निर्मिती ज्याच्या नावावर सांगितली जाते त्या परशुरामाची कथा तरी काय आहे? बापाने रागाच्या भरात आईचा वध करायला सांगितलं. थोरल्या मुलांनी नकार दिला म्हणून त्यांना शाप मिळाला आणि धाकट्याने ऐकलं म्हणून त्याला वर मिळाला. बापाचा त्रागा आज्ञा ठरतो आणि मुलाचा त्रागा उद्धटपणा, ही शिकवण या कथेत आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली. सोवळ्याच्या वेडाने पछाडलेले लक्ष्मीबाईंचे वडील, तापट आणि संशयी सासरे, भडकून उठणारे आणि तितक्याच लवकर विरघळणारे पती नारायण वामन टिळक, अशी पुरुषांची एक रांगच त्यात उभी आहे. मोठ्या पुरुषाचा क्षोभ घरातल्या सगळ्यांनी, अगदी लहान मुलांनीही, सांभाळून घ्यायचा असे, हे त्या पुस्तकाइतकं स्वच्छ दुसरीकडे क्वचितच दिसेल. सार्वजनिक जीवनातही आदर्श तोच. १९०३ साली लोकमान्यांचा थोरला मुलगा विश्वनाथ प्लेगने गेला आणि तरीही त्यांनी आपलं काम थांबवलं नाही, ही गोष्ट मराठी घरांत आदराने सांगितली जाते. लोकमान्यांच्या दुःखाविषयी शंका घ्यायचं काही कारण नाही. पण ज्या समाजात डोळ्यांत पाणी न आणणारा बाप थोर ठरतो, तिथे मुलाच्या डोळ्यांतल्या पाण्यापाशी बसणारा बाप कुठून शिकणार?

आणि तरीही आपल्याच परंपरेत याच्या नेमकं उलट काही सतत सांगितलं जात होतं. नामदेवाची कथा घ्या. वडील दामाशेटी बाहेरगावी गेले म्हणून छोटा नामदेव नैवेद्य घेऊन देवळात जातो. देव खात नाही म्हणून तो रडतो, पायरीवर डोकं आपटून घ्यायला निघतो आणि शेवटी विठ्ठल जेवतो. भक्तिकथा म्हणून आपण ती ऐकतो, पण तिचा गाभा एका मुलाचा आकांत आणि समोरच्या मोठ्याने तो मनावर घेणं हाच आहे. त्या मुलाला कुणी धपाटा घातला नाही. पुढे संतकवींनी देवाशी रुसणं, भांडणं, त्याला शिव्या घालणं हे सगळं केलं आणि देवाने ते आईसारखं सोसावं हे गृहीत धरलं. हे लिहिणारे बहुतेक पुरुष, त्यातले अनेक मुलाबाळांचे बाप. अनावर झालेल्या लेकराला समोरच्याकडून काय हवं असतं हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. दुसरी कथा ध्रुवाची. पाच वर्षांचा मुलगा बापाच्या मांडीवर बसायला जातो, सावत्र आई सुरुची त्याला घालून पाडून बोलते आणि उत्तानपाद राजा गप्प राहतो. मुलगा दुखावून, संतापून, फुसफुसत आईकडे जातो आणि तिथून थेट अरण्यात. कीर्तनकार ही कथा अढळपदाकडे नेतात. पण भागवताच्या चौथ्या स्कंधात नारद भेटायला आल्यावर उत्तानपाद पश्चात्तापाने कोसळतो, पोराला मांडीवर घेतलं नाही म्हणून स्वतःला दूषण देतो, तो भाग मला अधिक मोलाचा वाटतो. गप्प राहिलेल्या बापाची चूक पुराणकाराने झाकलेली नाही. गावोगावच्या कीर्तनांत बापांनी ही कथा ऐकली, रडलेही असतील. घरी आल्यावर मात्र मांडी मोकळी करायची सोय त्यांना नव्हती.

इथे कुणी म्हणेल की हा सगळा पुरावा वाड्यांतल्या, लिहित्या-वाचत्या, बहुतेक ब्राह्मण घरांतला आहे. बाकीच्या महाराष्ट्राचं काय? आक्षेप रास्त आहे आणि तो माझं म्हणणं नुसतं खोडत नाही, सुधारतोही. शेतावर राबणाऱ्या घरात ओसरी आणि माजघर इतकं वेगळं नव्हतंच. बांधावरच्या झोळीतलं मूल ज्याचा हात मोकळा असेल तो उचलायचा. दुसरीकडे गिरणगावात वेगळंच दिसतं. कोकणातून आणि घाटावरून आलेले हजारो पुरुष मुंबईत गाळ्यात राहायचे, खानावळीत जेवायचे आणि बायकामुलं गावी असायची. मनीऑर्डरने पैसे जायचे आणि बाप गणपतीला नाहीतर शिमग्याला. अशा मुलाला बाप म्हणजे खाऊ आणणारा परका माणूस. त्याच्यापुढे ते हट्ट करणार कुठलं, आधी लाजून आईच्या पदराआड जाणार. तिथे मर्यादेच्या चालीने नव्हे, पोटाने बापाला दूर नेलं होतं. आणि जिथे संसार एकाच खोलीत होता तिथे काय घडू शकतं याचं उदाहरण परळच्या डबक चाळीत आहे. धनंजय कीर यांनी लिहिलेल्या चरित्रात डॉ. आंबेडकरांचा लहानपणचा संताप झाकलेला नाही. आई गेलेली, वडिलांनी दुसरं लग्न केलेलं, सावत्र आईच्या अंगावर आपल्या आईचे दागिने पाहून मुलगा चिडायचा. कीरांच्याच पुस्तकात वडील रामजी सकपाळ या मुलासाठी काय करत तेही आहे. पैसे नसले तर लग्न झालेल्या मुलीकडून दागिना उसना आणून गहाण टाकायचे आणि पुस्तक आणायचे. अपुऱ्या जागेत मुलाला अभ्यास करता यावा म्हणून स्वतः रात्री दोनपर्यंत जागायचे, मग त्याला उठवून आपण आडवे व्हायचे. रामजी लष्करी शिस्तीचे, कडक माणूस होते. पण रागावलेल्या मुलावरून त्यांनी हात काढून घेतला नाही आणि त्या खोलीत त्यांना आड जायला ओसरीही नव्हती. घराची रचना बदलली की बापही बदलतो, हे या एका उदाहरणावरून सिद्ध होत नाही, हे मान्य. पण शक्यता ठळक होते.

ही शक्यता विचारपूर्वक हाती घेणारा माणूस गुजरातेत निघाला आणि त्याचं काम मराठीत आणणारी बाई मुंबईची होती. गिजुभाई बधेका यांचा जन्म १८८५ चा. पूर्व आफ्रिकेत जाऊन आलेले, मुंबईत कायदा शिकलेले, वढवाणला वकिली करणारे. १९१३ साली त्यांना मुलगा झाला आणि याला वाढवायचं कसं, या प्रश्नाने त्यांना गाठलं. आपल्याला मिळालेली शाळा, छडी, पाठांतर, दरारा हे सगळं याच्या वाट्याला येऊ द्यायचं का? शोधता शोधता ते मारिया माँटेसरींच्या विचारांपर्यंत पोहोचले. १९१६ मध्ये वकिली सोडून भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत रुजू झाले आणि १९२० मध्ये तिथे बालमंदिर सुरू केलं. भारतातल्या बालशिक्षणाच्या इतिहासातला एक मोठा टप्पा एका बापाच्या अस्वस्थतेतून सुरू झाला, ही गोष्ट आपण पुरेशी सांगत नाही. भरघोस मिशांचा हा माणूस मुलांत बसून गोष्टी सांगायचा, त्यांची नखं कापायचा, रुसलेल्याला वेळ द्यायचा. लोकांनी त्यांना ‘मुछाळी मा’ म्हटलं, मिशावाली आई. प्रेमाने दिलेलं नाव आहे, पण त्या काळच्या लोकांना असा पुरुष दिसल्यावर त्याला बाप म्हणणं सुचलं नाही, आईच म्हणावं लागलं. गिजुभाईंनी आईबापांसाठी लहान लहान पुस्तकं लिहिली आणि त्यांचा रोख वारंवार मोठ्यांच्या वागण्यावर ठेवला. मूल हट्टी झालं तर आधी आपण काय केलं ते पाहा, हा त्यांचा आग्रह. माँटेसरींनी एका लहान मुलाचं उदाहरण दिलं आहे. फिरायला गेल्यावर उकडतं म्हणून आईने कोट काढून हातावर घेतला आणि मूल किंचाळू लागलं, कुणाला आवरेना. आईने कोट परत अंगात घातल्याबरोबर ते शांत झालं. कोट अंगातच असतो, ही त्याच्या जगाची मांडणी मोडली होती. ज्याला आपण विनाकारण म्हणतो त्या रडण्याला मुलाच्या बाजूने पक्कं कारण असतं. काश्यपाचा वैद्य दुखणं शोधत होता आणि हे शिक्षक दुखावणं शोधत होते.

गिजुभाईंचं काम मराठीत आणणाऱ्या त्या मुंबईच्या बाई म्हणजे ताराबाई मोडक. १९२३ साली त्या भावनगरला गेल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, दादरला १९३६ मध्ये शिशुविहार सुरू झालं. पुढे १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी अनुताई वाघांबरोबर आदिवासी मुलांसाठी काम उभं केलं. ताराबाईंची मराठी ‘शिक्षणपत्रिका’ आईबापांशी बोलत होती, हा तिचा मोठेपणा. मुलांना मारू नका, भिववू नका, त्यांची फसवणूक करू नका, हे मराठी मध्यमवर्गाच्या घरात शिरलं ते या वाटेने. शिरलं, पण सगळीकडे नाही. शिशुविहार सुरू झालं त्याच दशकात, १९३३ च्या फेब्रुवारीत, साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिलं. मराठीतलं हे सर्वांत मायाळू पुस्तक, आणि त्यातही पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला आई शिंपटीने मारते. नंतर त्याच्या अंगावरचे वळ पाहून तिच्याच डोळ्यांत पाणी येतं. त्या पुस्तकात मुलाचे हट्ट, रुसवे, राग हे सगळं झेलण्याचं काम आईचं आहे. वडील चांगले आहेत, कष्टी आहेत, कर्जाने वाकलेले आहेत आणि बहुतेक वेळ या भावनांच्या उंबऱ्याबाहेर उभे आहेत. साने गुरुजींना दोष देण्याचा हेतू नाही. त्यांनी जे होतं ते लिहिलं.

आता नेहमीचा आक्षेप, की हे सगळं पाश्चात्त्यांचं खूळ आहे आणि आपल्या वाडवडिलांना त्याची गरज पडली नव्हती. चरक आणि सुश्रुत वर येऊन गेले आहेत. दुसरी बाजूही पाहू. गिजुभाई भावनगरला मुलांना जवळ घेत होते त्याच काळात, १९२८ मध्ये, अमेरिकेतला नामवंत मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन आईबापांना लेखी सल्ला देत होता की मुलांना मिठीत घेऊ नका, मुके घेऊ नका, सकाळी फार तर हस्तांदोलन करा. मुलांना मारण्यावर कायद्याने संपूर्ण बंदी घालणारा पहिला देश स्वीडन आणि तीही १९७९ ची गोष्ट. धाक आणि करुणा दोन्ही सगळीकडेच होत्या. कोणती कुणाच्या हाती दिली हा प्रत्येक समाजाचा निर्णय होता.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. मूल आकांडतांडव करत असताना बाप गोड बोलत राहिला तर ते शेफारणार नाही का? पाच वर्षं लाड करावे, दहा वर्षं ताडन करावं आणि सोळाव्या वर्षी मुलाला मित्रासारखं वागवावं, हे चाणक्याच्या नावावरचं सुभाषित या बाजूने नेहमी पुढे येतं. मुळात त्या सुभाषितानेही पहिल्या पाच वर्षांत माराला जागा दिलेली नाही आणि अनावर रडण्याचे दिवस तेच असतात. फ्लॉरेन्स गुडइनफ यांनी १९३१ मध्ये घरच्या नोंदींवरून मुलांच्या रागाचा अभ्यास प्रसिद्ध केला. असे उद्रेक दुसऱ्या वर्षात शिगेला पोहोचतात आणि मग कमी होत जातात, हे त्यात दिसलं. २००३ मध्ये मायकेल पोटेगल आणि रिचर्ड डेव्हिडसन यांनी दाखवलं की अशा थयथयाटात राग आणि दुःख हे वेगळे धागे असतात. किंचाळणं, लाथा मारणं लवकर चढतं आणि ओसरतं, रडणं आणि जवळ येऊ पाहणं मात्र मागे उरतं. हे लक्षात घेतलं तर बापाच्या संयमाला अर्थ येतो. राग चढलेला असताना उपदेश वाया जातो आणि दुःख उरलेलं असताना पाठ फिरवली तर मुलाला कळतं ते एवढंच की वाईट वाटलं की माणसं निघून जातात. शिवाय भावना मान्य करणं आणि मागणी पुरवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खेळणं न घेता, रस्त्याच्या मधून मुलाला उचलून बाजूला नेऊनही त्याच्याजवळ थांबता येतं. ज्या बापाला हे जमत नाही तो एकतर ओरडतो किंवा गप्प बसवायला वस्तू हातात देतो, आणि शेफारणं सुरू होतं ते या दुसऱ्या वाटेने. मुलाचा गोंगाट सहन होत नाही हेच दोन्हींचं मूळ आहे.

एक आक्षेप मला खरोखर अडवतो. दिवसभर राबून, लोकलला लोंबकळून, रात्री नऊला घरी आलेल्या माणसाकडून ही अपेक्षा करायची कशी? गिरणीच्या काळात हा प्रश्न होता, तो आजही आहे आणि त्याला सद्‌भावना पुरणार नाही. इथे घराबरोबर कायदाही पाहावा लागतो. १८६० च्या दंडसंहितेतलं कलम ८९ बारा वर्षांखालच्या मुलाच्या हितासाठी पालकाने सद्‌हेतूने केलेल्या कृत्याला संरक्षण देत होतं आणि मारणाऱ्यांच्या बाजूने त्याचा आधार घेतला गेला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तेच कलम २७ म्हणून राहिलं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेतली शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ बंद केला, पण घराच्या दाराशी तो थांबतो. वेळेचं तसंच. २०१७ च्या दुरुस्तीने आईची पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. ती व्हायलाच हवी होती. त्या कायद्यात बापासाठी एक दिवसही नाही. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला बाळ झाल्यावर १५ दिवस मिळतात. मूल वाढवण्यासाठीची ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आधी फक्त बायकांना होती. २०१८ च्या अखेरीस ती पुरुषांनाही खुली झाली, पण एकट्याने मूल वाढवणाऱ्यांनाच. म्हणजे बायको हयात आणि सोबत असलेला बाप दोन वर्षांच्या मुलाच्या रडण्यापाशी घरी असेल, हे सरकारच्याही कल्पनेत अजून बसलेलं नाही. वाड्यातल्या वडीलधाऱ्यांनी तरुण बापाला ओसरीवर थांबवलं होतं, आज ते काम सेवानियम करतात. ते बदलायला पुरुषांनी स्वतः मागणी करावी लागेल. आपल्याकडच्या कामगार चळवळीने आठ तासांसाठी, बोनससाठी, महागाई भत्त्यासाठी संप केले. मुलांजवळ असण्याचा वेळ ही बापाची मागणी म्हणून तिच्या पत्रकांत अग्रक्रमाने कधी आली नाही, आणि ती यायला आजही काही आडकाठी नाही.